आंरी म्वासाँ : एक यश, एक चूक

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेच्या विज्ञानवर्गात आवर्तसारणीचा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो. त्यातील हॅलोजनांच्या स्तंभात सर्वांत वर फ्ल्युओरीनचे नाव असते. परीक्षेपुरते त्याविषयी एक वाक्य पाठ केले जाते. फ्ल्युओरीन हे सर्वांत क्रियाशील मूलद्रव्य असून आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८८६ साली प्रथम वेगळे केले, एवढेच ते वाक्य. त्याच्या पोटात पाऊणशे वर्षांचे अपयश, दोघा संशोधकांचे मृत्यू आणि शाळेचे प्रमाणपत्र हाती न पडलेल्या एका मुलाचे सबंध आयुष्य सामावलेले आहे, याची कल्पना पाठ करणाऱ्याला नसते, आणि पुष्कळदा पाठ करवून घेणाऱ्यालाही नसते.

म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रेल्वे कंपनीत साध्या नोकरीवर होते, आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत असे. १८६४ मध्ये हे कुटुंब पॅरिसजवळच्या मो या गावी राहावयास गेले. तेथील शाळेत मुलाचे शिक्षण झाले खरे, परंतु विद्यापीठाचा दरवाजा उघडणारे प्रमाणपत्र त्याला मिळाले नाही. शाळेच्या काळातच तो एका घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारी करू लागला होता. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, कुटुंब पॅरिसला परतले आणि मुलाला सैन्यात काही काळ काढावा लागला. युद्धानंतर पॅरिसमधील एका औषधविक्रेत्याकडे तो शिकाऊ म्हणून राहिला. तेथे असताना, १८७२ मध्ये, सोमल घेतलेल्या एका माणसाचे प्राण त्याने योग्य उपाय करून वाचविल्याचे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. विषाशी आलेला हा पहिला संबंध होता. पुढे तो आयुष्यभर टिकला.

औषधांच्या दुकानातून म्वासाँ प्रयोगशाळेकडे वळले ते पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील एदमाँ फ्रेमी यांच्याकडे. त्यानंतर देएराँ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनावर काम केले आणि १८७४ मध्ये त्यांच्याबरोबर पहिला निबंध प्रसिद्ध केला. राहून गेलेली शालान्त परीक्षा ते त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, उत्तीर्ण झाले. पुढे पदवी, औषधनिर्मात्याची परीक्षा आणि १८८० साली डॉक्टरेट अशा पायऱ्या त्यांनी नोकरी सांभाळीत एकामागून एक ओलांडल्या. १८८२ मध्ये त्यांचा विवाह मो येथील औषधविक्रेते लुगाँ यांच्या कन्येशी, लेओनी हिच्याशी झाला. सासऱ्यांनी जावयाच्या संशोधनाचा आर्थिक भार उचलला. पोटाची चिंता काही अंशी दूर झाल्यावर १८८४ च्या सुमारास म्वासाँ यांनी हाती घेतला तो त्या काळातील रसायनशास्त्राचा सर्वांत धोकादायक प्रश्न.

फ्ल्युओरीन पृथ्वीवर दुर्मिळ नाही. फ्लुओरस्पार या खनिजात ते कॅल्शियमशी संयोग पावलेले असते. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथेही हे खनिज आढळते. खनिजातून धातू वितळवून काढताना रस पातळ व्हावा म्हणून ते मिसळण्याची पद्धत युरोपात शतकानुशतके चालत आली होती. १७७१ मध्ये शेले या स्वीडिश रसायनज्ञाने त्यावर तीव्र आम्लाची क्रिया करून काच खाणारे हायड्रोफ्ल्युओरिक आम्ल मिळविले. या आम्लात क्लोरीनसारखेच एक अज्ञात मूलद्रव्य दडलेले असावे, असे अँपिअर यांनी १८१२ च्या सुमारास हंफ्री डेव्ही यांना कळविले. मूलद्रव्याला नाव मिळाले, मात्र ते कोणाच्या हाती लागेना.

हाती न लागण्याचे कारण त्याच्या स्वभावातच होते. फ्ल्युओरीनच्या दोन अणूंना एकत्र ठेवणारा बंध दुबळा आहे, तर अन्य मूलद्रव्यांशी जडणारे त्याचे बंध अत्यंत बळकट आहेत. त्यामुळे ते ज्याला भेटेल त्याच्याशी संयोग पावते आणि त्या संयोगात मोठी ऊर्जा बाहेर पडते. ज्या भांड्यात ते तयार करावे ते भांडेच ते खाऊन टाकते. पाण्यात त्याच्या संयुगाचे विद्युत्‌विच्छेदन करावे, तर ते पाण्यालाच फोडते. शिवाय ज्या आम्लातून ते काढावयाचे, ते आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचते आणि त्याची वाफ फुप्फुसे जाळते. डेव्ही यांना त्याची बाधा झाली. आयर्लंडमधील नॉक्स बंधू १८३६ च्या सुमाराच्या प्रयोगांत गंभीर आजारी पडले, त्यांपैकी एकाला प्रकृती सुधारण्यासाठी तीन वर्षे इटलीत काढावी लागली. ब्रुसेल्सचे लुईए आणि नान्सीचे निक्लेस या दोघांनी तर या शोधापायी प्राण गमावले. स्वतः फ्रेमी यांनीही अनेक वर्षे प्रयत्न करून माघार घेतली होती. म्वासाँ ज्या प्रश्नाला भिडले, तो गुरूने अर्धवट सोडलेला प्रश्न होता.

प्रारंभी त्यांनी फॉस्फरस व फ्ल्युओरीन यांच्या वायुरूप संयुगातून विजेच्या ठिणग्या सोडून पाहिल्या. त्यानंतर आर्सेनिकच्या फ्ल्युओराइडमधून वीज जाऊ दिली. विषबाधेमुळे त्यांना काम अनेकदा थांबवावे लागले. प्रत्येक वेळी थोडे बरे वाटताच ते परत त्या विषारी वाफांत जाऊन उभे राहिले. अखेरीस त्यांनी पाण्याचा अंश नसलेल्या निर्जल हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाकडे मोर्चा वळविला. हे आम्ल १९ ते २० अंश सेल्सिअसलाच उकळते. मानोऱ्याच्या उन्हाळ्यात ते द्रवरूपात राहणेच शक्य नाही. म्हणून प्लॅटिनमच्या इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या नळीत ते भरून, मिथाइल क्लोराइडच्या साहाय्याने शून्याच्या बऱ्याच खाली थंड करून, प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचे विद्युदग्र त्यात बुडविण्यात आले. नळीची बुचे फ्लुओरस्पारची कोरलेली होती. या खनिजात फ्ल्युओरीन आधीच तृप्त झालेले असल्याने त्याला तेथे खाण्यासारखे काही उरत नाही. शत्रूला त्याच्याच घराच्या भिंतींत कोंडण्याची ही युक्ती होती.

२६ जून १८८६ रोजी या नळीच्या एका टोकाशी वायू जमला. सिलिकॉनचा तुकडा त्याच्यासमोर धरताच तो पेटला. दोनच दिवसांनी ही वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दब्रे यांनी मांडली, कारण म्वासाँ तेव्हा अकादमीचे सभासदही नव्हते. दाव्याची खातरजमा करण्यासाठी अकादमीने तिघांची समिती नेमली. बर्तलो, दब्रे आणि फ्रेमी हे ते तिघे. देशातील अग्रगण्य रसायनज्ञ तर त्यांत होतेच, पण ज्यांना हेच यश लाभले नव्हते ते गुरूही परीक्षक म्हणून समोर बसणार होते.

त्या दिवशी प्रयोग फसला. वीज सुरू केली, तरी नळीत काहीच घडेना. कोणत्याही तरुण संशोधकाचे भवितव्य तेथेच संपावे असा तो प्रसंग होता. नामवंत परीक्षकांपुढे जाताना म्वासाँ यांनी आम्ल नेहमीपेक्षाही अधिक काळजीपूर्वक शुद्ध केले होते, आणि तेच नडले. अगदी शुद्ध निर्जल आम्लातून वीज वाहत नाही. पूर्वीच्या प्रयोगांत आम्लाबरोबर पोटॅशियमच्या फ्ल्युओराइडचा जो अंश नकळत येत असे, तोच वीज वाहून नेण्याचे काम करीत होता. हे ध्यानी येताच त्यांनी ते लवण जाणूनबुजून आम्लात विरघळविले आणि प्रयोग परत केला. वीज वाहू लागली, वायू निघाला आणि समितीचे समाधान झाले. जे आधी अपघाताने साधत होते, ते का साधते हे त्या फसलेल्या प्रयोगामुळे कळले. आज कारखान्यांत फ्ल्युओरीन तयार होते तेही पोटॅशियम फ्ल्युओराइड आणि हायड्रोफ्ल्युओरिक आम्ल यांच्या मिश्रणाचे विद्युत्‌विच्छेदन करूनच.

यानंतर मानसन्मान चालत आले. १८८६ च्या अखेरीस पॅरिसच्या उच्च औषधविद्यालयात त्यांची विषशास्त्राच्या प्राध्यापकपदी निवड झाली. १८९१ मध्ये अकादमीचे सभासदत्व आणि १९०० मध्ये सॉरबॉन येथील अध्यापनाचे पद त्यांना मिळाले. संशोधन मात्र थांबले नाही. १८९७ मध्ये लंडनला जेम्स ड्यूअर यांच्या सहकार्याने त्यांनी फ्ल्युओरीन उणे १८८ अंशांच्या आसपास द्रवरूपात आणले. त्या थंडीत ते काचेलाही स्पर्श करीत नाही असे दिसून आले. तथापि १९०३ मध्ये गोठविलेले फ्ल्युओरीन द्रवरूप हायड्रोजनच्या संपर्कात येताच, शून्याखाली अडीचशे अंशांवरही, भयंकर स्फोट झाला. पुढे अर्धशतकाने अग्निबाणांसाठी प्रबळ इंधनांचा शोध घेणाऱ्यांनी द्रवरूप फ्ल्युओरीनची कसून चाचणी घेतली ती याच गुणामुळे. परंतु यंत्र, माणूस आणि हवा या तिघांनाही ते घातक ठरल्याने उड्डाणासाठी त्याचा उपयोग होऊ शकला नाही.

१८९२ पासून म्वासाँ यांनी दुसरे क्षेत्र खुले केले, ते विद्युत्‌भट्टीचे. चुन्याच्या दोन ठोकळ्यांत पोकळी कोरून कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवावयाची, अशी ती साधी रचना होती. तिच्यात तीन हजार अंशांहून अधिक उष्णता मिळे. ज्या धातूंची ऑक्साइडे तोवर कोणत्याही भट्टीला दाद देत नव्हती, ती तेथे वितळली. क्रोमियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम, युरेनियम हे धातू पुरेशा प्रमाणात अभ्यासासाठी मिळू लागले. चुना आणि कोळसा यांपासून कॅल्शियम कार्बाइडही या भट्टीत तयार झाले. त्याच सुमारास अमेरिकेत विल्सन यांनीही ते स्वतंत्रपणे साधले होते. या राखाडी दगडावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो लख्ख उजेड देत जळतो. खेड्यापाड्यांत वीज पोचण्यापूर्वी आठवड्याच्या बाजारात आणि जत्रेत दुकानांवर जळणारे कार्बाइडचे दिवे ज्यांना आठवत असतील, त्यांच्या आठवणीचा एक धागा पॅरिसमधील त्या भट्टीपर्यंत पोचतो. लोखंड जोडणाऱ्या वेल्डरच्या ज्योतीतही तोच वायू असतो.

याच भट्टीने त्यांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या चुकीकडे नेले. हिरा हा कार्बनच होय, आणि प्रचंड दाबाखाली तो बनतो, हे माहीत होते. ॲरिझोनातील एका अशनीच्या लोखंडात हिऱ्याचे कण सापडल्याचे वृत्त आले होते. वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवून ते एकाएकी थंड केले, तर बाहेरचे कवच आधी घट्ट होईल आणि आतील रस थिजताना निर्माण होणाऱ्या दाबाने हिरा बनेल, असा त्यांनी तर्क केला. साखरेपासून मिळविलेला कार्बन वापरून १८९३ मध्ये त्यांनी हा प्रयोग केला, लोखंड आम्लांत विरघळविले आणि तळाशी उरलेले सूक्ष्म स्फटिक हिरे असल्याचे जाहीर केले. युरोपभर गाजावाजा झाला.

परंतु पुढील काळात इतरांना हा प्रयोग खात्रीने साधला नाही. कृत्रिम हिरा निर्विवादपणे तयार झाला तो १९५४ च्या अखेरीस, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी लागलेला दाब म्वासाँ यांच्या लोखंडी गोळ्यात निर्माण होणे शक्य नव्हते, असेच आज मानले जाते. त्यांच्या मृत्यूनंतर एक प्रवादही पसरला. सततच्या त्याच त्या प्रयोगाला कंटाळलेल्या एका साहाय्यकाने प्राध्यापकांचे समाधान व्हावे म्हणून खऱ्या हिऱ्याचे कण त्यात टाकले होते, असा तो प्रवाद. तो बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. फ्ल्युओरीनच्या वेळी प्रयोग फसला, तेव्हा तो का फसला याचा शोध घेणे भाग पडले. हिऱ्याच्या वेळी हवे ते उत्तर मिळाले, आणि ते का मिळाले हे पुन्हापुन्हा विचारण्याची निकड तितकीशी उरली नाही.

म्वासाँ यांच्याविषयी न्यायाने बोलावयाचे, तर आणखी एक घटना सांगितली पाहिजे. ॲरिझोनाच्या त्याच अशनीतील काही स्फटिक त्यांनी प्रारंभी हिरे म्हणूनच ओळखले होते. ते हिरे नसून सिलिकॉन कार्बाइड आहेत, हे त्यांनी स्वतःच अधिक तपास करून १९०४ मध्ये दाखवून दिले. दुसऱ्याच वर्षी या खनिजाला त्यांचेच नाव देण्यात आले. आज सराफांच्या दुकानात हिऱ्याऐवजी मॉइसनाइट या नावाने जो प्रयोगशाळेत घडविलेला खडा स्वस्तात मिळतो, तो हाच. ज्याने हिरा बनविल्याचा दावा केला, त्याचे नाव हिरा नसलेल्या खड्याला चिकटून राहिले, यात नियतीचा विनोद आहे. पण ते नाव एका दुरुस्तीमुळे चिकटले आहे, हेही विसरता येत नाही.

१९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्ल्युओरीन आणि विद्युत्‌भट्टी या दोन कामगिऱ्यांसाठी म्वासाँ यांना देण्यात आले. हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले फ्रेंच रसायनज्ञ. त्या वर्षी आवर्तसारणीचे जनक मेंडेलेव्ह यांच्या नावाचाही गंभीरपणे विचार झाला होता, आणि निवड समितीचा कल त्यांच्याकडे होता. अकादमीने अखेर म्वासाँ यांना पसंती दिली. ज्याने तक्ता रचला त्याला सन्मान मिळाला नाही, तक्त्यातील एक रिकामी जागा भरणाऱ्याला मिळाला, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. काळाने मात्र दोघांनाही एकाच महिन्यात नेले. मेंडेलेव्ह २ फेब्रुवारी १९०७ रोजी निवर्तले. स्टॉकहोमहून परतलेले म्वासाँ आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडून २० फेब्रुवारीला वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे चोपन्न वर्षांचे होते. वर्षानुवर्षे घेतलेल्या विषारी वाफांनी शरीर आधीच पोखरले असावे, असे पुष्कळांना वाटले. त्यांचा एकुलता मुलगा लुई १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्धाच्या पहिल्याच दिवसांत मारला गेला.

त्यांनी मोकळे केलेले मूलद्रव्य मात्र जगभर पसरले. १९३० नंतर शीतकपाटांतील फ्रेऑन वायू आले आणि अर्धशतकात त्यांनी ओझोनचे आवरण विरळ केले. ते आवरण वाचविण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रिऑल येथे करार करावा लागला. १९३८ मध्ये टेफ्लॉन सापडले. अणुबाँबसाठी युरेनियमचे समस्थानिक वेगळे करताना युरेनियम हेक्साफ्ल्युओराइड वापरण्यात आले. म्वासाँ यांनी लबो यांच्यासह तयार केलेला सल्फर हेक्साफ्ल्युओराइड हा वायू उच्च दाबाच्या विद्युत् उपकेंद्रांतील स्विचगिअरमध्ये भरला जातो, आणि तोच तापमानवाढीला हातभार लावणारा अतिप्रबळ वायू म्हणून १९९७ च्या क्योटो करारात नोंदला गेला. कर्करोगावरील औषधांत आणि दात घासण्याच्या पेस्टमध्येही फ्ल्युओरीनची संयुगे आहेत.

विदर्भाला या मूलद्रव्याचा परिचय पाण्यातून होतो. वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, तसेच चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड प्रमाणाबाहेर आढळले आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते दीर्घकाळ पोटात गेले, तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे ताठरतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना यांच्या साहाय्याने ते काढण्याची, नलगोंडा या नावाने ओळखली जाणारी, स्वस्त पद्धत विकसित केली आहे. ती गावात टिकून राहावयाची, तर पाण्याचे नमुने नियमाने तपासणारे आणि आकडा जसा येईल तसा लिहिणारे हात हवेत.

येथेच म्वासाँ यांच्या चरित्राचा शाळा-महाविद्यालयांशी संबंध येतो. अनेक ठिकाणी प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहिले जाते आणि निरीक्षणे त्याला जुळतील अशी मागाहून भरली जातात. प्रयोग फसला, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातात. या रीतीने म्वासाँ यांची परीक्षा घेतली असती, तर समितीपुढच्या त्या दिवशी ते अनुत्तीर्ण ठरले असते, आणि साखरेच्या कार्बनातून हिरे काढल्याबद्दल त्यांना पूर्ण गुण मिळाले असते. खोटी निरीक्षणे भरण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या पाण्याच्या प्रयोगशाळेत बसेल, तेव्हा त्याने लिहिलेल्या आकड्यावर एखाद्या गावातील मुलांचे दात आणि हाडे अवलंबून असतील. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद आणि त्यामागचे कारण यांना गुण देण्याचे शिक्षकांनी ठरविले, तर त्यासाठी नव्या इमारतीची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या प्रात्यक्षिकाच्या तासापासूनच त्याचा आरंभ करता येतो.